चौदाचा पीळ, आठचा पीळ

सकाळी साडेसहा

कॅस्परमध्ये जानेवारीत या वेळी अजून मिट्ट काळोख असतो. वर्कशॉपचा हीटर लावायचा, लेथ मशीन तेल अंगात भिनेपर्यंत रिकामं फिरत ठेवायचं आणि तोवर टेबलावरच्या रायफलीकडे वळायचं. आजची रायफल रेमिंग्टन ७०० आहे, .२२-२५० काडतुसाची. दस्त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर आमच्या मालकांचं अक्षर आहे: ‘कोयोटीसाठी. गोळी कागदाला आडवी लागते. नळी गेली की काडतूस बदलायचं, बघून सांगणे.’

लेथवरचं काम मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. इथे वायोमिंगमध्ये त्याच हाताने बंदुकांना नळ्या बसवतो. अशी चिठ्ठी आली की गिऱ्हाइकाच्या डोक्यात काडतुसाचं नाव घोळत असतं, आणि उत्तर बहुतेक वेळा काडतुसात नसतंच. ते असतं नळीच्या आतल्या पिळात.

सात

पीळ मोजायला यंत्र लागत नाही. साफ करायच्या गजाला घट्ट चिंधी लावायची. गज मुठीत मोकळा फिरणारा हवा. चिंधी नळीत शिरली की ती खाचांना धरते आणि पुढे ढकलताना गज आपोआप गोल फिरू लागतो. गजावर वरच्या बाजूला चिकटपट्टीची एक खूण करायची. ती खूण पुन्हा वर येईपर्यंत गज किती इंच आत गेला, तो नळीचा पीळ. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा पावणेचौदा ते चौदा. म्हणजे गोळी चौदा इंच पुढे जाते तेव्हा स्वतःभोवती एक फेरी घेते.

नंतर बोअरस्कोप आत घातला. काडतूस बसतं त्या घराच्या पुढे, जिथे खाचा सुरू होतात, तिथलं पोलाद सुकलेल्या तळ्याच्या तळासारखं तडकलंय. .२२-२५० ही तापट जात आहे. थोड्या पितळात भरपूर दारू, आणि तिचा सगळा जाळ त्या दोन इंचांवर. नळी थकली आहे हे खरं. पण थकलेली नळी सहसा गोळ्या विखरून टाकते, आडव्या पाडत नाही. गोळी आडवी लागते याचा अर्थ बहुतेक वेळा तिला फिरकी कमी पडते.

आठ

रॅंचवाले गृहस्थ आले. केसीकडून तासाभराची वाट. सत्तरीचे असतील, मेंढ्या राखण्यात आयुष्य गेलेले. सोबत त्यांनी कागदच आणलाय, शंभर यार्डांवर झाडलेला. भोकं गोल नाहीत. दोन तर अशी की गोळीची पूर्ण कूस उमटलेली, कडेला शिशाची राखाडी रेघ. मी तो कागद खिडकीत धरून बराच वेळ पाहिला, कारण रोगाचं निदान त्यावरच लिहिलेलं होतं.

“गोळी कोणती होती?” मी विचारलं.

“पंचाहत्तर ग्रेन. लांब टोकाची. वाऱ्यात कमी ढळते म्हणाले.”

म्हणणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे ताशी दहा मैलांचा आडवा वारा म्हणजे वारा पडलाच असं लोक म्हणतात. तेवढ्या वाऱ्यातही तीनशे यार्डांवर .२२-२५० ची नेहमीची ५५ ग्रेनची गोळी सात-आठ इंच ढळते. ७५ ग्रेनची निमुळती गोळी चार-पाच. आणि कोयोटीचं हृदय-फुप्फुस मिळून मारायची जागा जेमतेम चार-पाच इंचांची. हिवाळ्यात तो केसाळ दिसतो, पण त्या केसांखालचं जनावर दहा ते पंधरा किलोचं, आपल्या कोल्ह्यापेक्षा जरा थोराड. हिशेब वाऱ्यात चुकला की गोळी पोटात लागते. मग ते जनावर झाडोऱ्यात शिरतं आणि तिथे दोन दिवस मरत राहतं. मारायचं असेल तर जागच्या जागी मेलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तडजोड नाही. पीळ, गोळी, काडतूस यांचा हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

रॅंचवाल्यांचंही तेच म्हणणं. एप्रिल-मेमध्ये मेंढ्या वितात. राखणीला पांढरे पिरेनीज कुत्रे आहेत, पेरूहून आलेले मेंढपाळ आहेत, तरी कोकरं जातात. वायोमिंगच्या कायद्यात कोयोटी ‘भक्षक’ वर्गात मोडतो, वर्षभर, परवान्याशिवाय मारता येतो. पूर्वी विषाचे तुकडे टाकायचे; १९७२ मध्ये निक्सन यांनी सरकारी जमिनींवर ते बंद केलं. त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. कोल्हापूरच्या बाजूला उसात कोल्हेकुई ऐकत वाढलेल्या मला ही दोन टोकं एकदम पचली नव्हती. विषाने मात्र गरुडापासून कुत्र्यापर्यंत जे खाईल ते मरायचं. रायफल निदान एकाच जनावराकडे रोखलेली असते.

साडेआठ

फळ्यावर गणित मांडलं. रॅंचवाल्यांना पटवायचं तर आकडेच लागतात.

अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल हे इंग्रज गणिती, वूलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना शिकवायचे. १८७९ मध्ये त्यांनी तोफगोळ्यांसाठी एक सूत्र बसवलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले दीडशे, भागिले गोळीची लांबी; उत्तर पिळाचे इंच. वेग फार असेल तर दीडशेच्या जागी एकशे ऐंशी धरतात. .२२ च्या गोळीचा व्यास .२२४ इंच. त्याचा वर्ग गुणिले एकशे ऐंशी म्हणजे जवळजवळ नऊ. तेव्हा या गोळ्यांसाठी हिशेब फार सोपा होतो: नऊ भागिले लांबी.

५५ ग्रेनची शिसाच्या टोकाची आखूड गोळी सुमारे पाऊण इंचाच्या आत, .७० धरा. उत्तर तेरा. कारखान्याचा चौदाचा पीळ वेगाच्या जोरावर आणि आमच्या पाच हजार फुटांवरच्या विरळ हवेत तिला निभावून नेतो. ७५ ग्रेनची निमुळती गोळी सुमारे १.१ इंच. उत्तर आठ. आठ मागणाऱ्या गोळीला चौदा दिले, तर ती आडवी पडणारच.

“म्हणजे गोळी जड आहे म्हणून नाही?”

“लांब आहे म्हणून.”

सगळा घोळ इथेच असतो. खोक्यावर वजन छापलेलं असतं, लांबी नसते, म्हणून लोक वजनाच्या भाषेत बोलतात. नुसत्या तांब्याची गोळी घेतली तर त्याच ५५ ग्रेनची गोळी शिसाच्या गोळीपेक्षा लांब निघते, कारण तांबं शिसापेक्षा हलकं, आणि तिला जास्त पीळ लागतो. आता आम्ही ग्रीनहिलवर थांबत नाही. डॉन मिलर यांच्या सूत्रात वजन, वेग, तापमान, हवेचा दाब हे सगळं येतं आणि स्थिरतेचा एक आकडा निघतो. तो दीडच्या आसपास असावा. एकच्या खाली गोळी कोलांट्या खाते.

यात तापमान कशाला, असं त्यांनी विचारलं. उणे तीस सेल्सियसला हवा अधिक तीसच्या हवेपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने दाट असते. काठावर पास होणारी गोळी जुलैत सरळ जाते आणि जानेवारीत डुगडुगते. अमेरिकी सैन्याने हे फार आधी अनुभवलंय. एम-१६ चा सुरुवातीचा पीळही चौदाच होता. आर्क्टिकच्या थंडीत चाचणी घेतली तेव्हा गोळ्या ठिकाणावर राहिनात, म्हणून १९६३ मध्ये तो बाराचा केला. कोयोटीची शिकार तर भर हिवाळ्यातलीच. तेव्हा उन्हाळ्यात मैदानावर जमलेला गट दाखवून पीळ पुरेसा आहे असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

साडेनऊ

आता काडतूस. दुसरी कॉफी झाली आणि मालकही बाकड्यावर येऊन बसले.

.२२३ रेमिंग्टनचा विषय आधी निघाला. स्वस्त, धक्का नाही, नळी हजारो बार टिकते, आणि अडीचशे यार्डांच्या आत कोयोटीला पुरून उरते. ओढ्याकाठी, झुडपात बसून सशाच्या किंकाळीची शिट्टी वाजवणाऱ्याला मी दुसरं काही सुचवणारच नाही. पण यांच्या बोल्टचं तोंड मोठ्या बुडाच्या काडतुसाचं आहे; .२२३ चं बूड त्यात पक्कं बसण्याइतकं मोठं नाही. नवा बोल्ट घेण्यापेक्षा नवी रायफल बरी. शिवाय त्यांची जमीन उघडी. सेजची गुडघाभर झुडपं, आणि कोयोटी वारा हुंगत दुरूनच वळसा घालतो.

.२४३ विंचेस्टरचं बूड जुळतं. नुसती नळी बदलली की काम झालं. मालक .२४३ वाले; हरणही त्यातच होतं म्हणतात. पिळाची गोष्ट त्यांनीच काढली, आणि ती ऐकायला मला नेहमी आवडते. १९५५ साली दोन कंपन्यांनी एकाच व्यासाची दोन काडतुसं बाजारात आणली. विंचेस्टरने .२४३ ला दहाचा पीळ दिला. रेमिंग्टनला वाटलं लोक यातून बारकी जनावरंच मारतील, म्हणून .२४४ ला बाराचा दिला, हलक्या आखूड गोळ्यांसाठी. पितळ चांगलं, वेग चांगला. पण हरणासाठी शंभर ग्रेनची टोकदार गोळी हवी असणाऱ्यांनी पाठ फिरवली. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस नऊच्या पिळासह ६ एमएम रेमिंग्टन नावाने पुन्हा आणलं. तोवर .२४३ घराघरात गेलं होतं. पितळात काहीच खोट नव्हती. पिळातल्या तीन इंचांच्या फरकाने एक उत्तम काडतूस मागे पडलं, याची मला आजही हळहळ वाटते.

रॅंचवाले मात्र .२४३ ला तयार नव्हते. खांद्याला इजा आहे, आणि बार होताना दुर्बिणीतून नजर हलता कामा नये. कुठे लागली ते त्यांना स्वतः पाहायचं असतं. हे कारण मला पटलं. .२२ क्रीडमूर हेही नाव निघालं. जन्मतःच आठच्या पिळाची, लांब गोळ्यांसाठी बेतलेली जात आहे. पण त्यांच्याकडे .२२-२५० चं पितळ डबे भरून आहे, साचे आहेत, हात बसलेला आहे. १९६५ पासून रेमिंग्टन जे काडतूस विकते, आणि त्याआधी तीस वर्षं हौशी कारागिरांनी .२५० सॅव्हेजचं तोंड आवळून जे घरी बनवलं, त्यात उणं एवढंच की चौदाचा पीळ त्याच्या पाचवीला पुजला गेला.

ठरलं. काडतूस तेच. नळी नवी, आठच्या पिळाची. फडताळात .२२४ ची स्टेनलेस नळी होती, ती काढली.

दहा ते एक

नळी हेडस्टॉकमधून आरपार घातली. एका टोकाला चार जबड्यांचा चक, दुसऱ्या टोकाला स्पायडर. डायलचा काटा थेट खाचांच्या वरच्या सपाटीवर टेकवला आणि दोन्ही टोकं मारून-मारून काटा स्थिर केला. उद्यमनगरात आम्ही एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिळाला की खूश व्हायचो. इथे त्या थाऊचेही दहा भाग करून त्यातले दोन चालतात, तीन नाही. छिद्र बाहेरच्या अंगाशी कधीच नेमकं मधोमध नसतं. म्हणून बाहेरच्या अंगाकडे बघायचंच नाही, आतल्या छिद्रालाच मध्य मानायचं.

मग आटे. रेमिंग्टन ७०० ला एक इंच एक सोळांश व्यास, इंचाला सोळा आटे. शेवटचे काप दोन-दोन थाऊंचे. रायफलीची बॉडी हाताने फिरवून बघितली. अडकत नाही, डुगडुगत नाही.

नंतर रीमर. काडतुसाचं घर कापण्याचं काम मी कुणाशी बोलत करत नाही. मशीन अगदी मंद, तेल भरपूर. पन्नास थाऊ आत, बाहेर काढायचा, बुरा ब्रशने झाडायचा, नळी पुसायची, पुन्हा पन्नास. रीमर कापतोय की घासतोय हे हाताच्या तळव्याला कळतं. आवाज जरा चढला की थांबायचं. एक बुऱ्याचा तुकडा आत राहिला तर घराच्या भिंतीला कायमचा ओरखडा पडतो आणि प्रत्येक पितळावर त्याची रेघ उमटते.

शेवटी गेज. ‘गो’ गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’ वर होता कामा नये. झाला. झाला नाही. दोन्ही उत्तरं बरोबर.

एक काम उरतं, आणि पीळ बदलून घेणारे पुष्कळ लोक ते विसरतात. .२२-२५० चा ठरलेला रीमर आखूड गोळ्यांच्या काळातला. त्याने कापलेल्या घराचा घसा आखूड असतो. ७५ ग्रेनची लांब गोळी तिथे टेकते, म्हणून ती पितळात खोल ढकलावी लागते आणि दारूची जागा खाते. पीळ आठचा आणि घसा जुनाच, हे अर्धवट काम. रॅंचवाल्यांनी आणलेली नकली बाराची, दारू नसलेली काडतुसं लावून बघितली, घशाचा वेगळा रीमर घेतला आणि गोळीचा बुंधा पितळाच्या मानेत नीट राहील इतका घसा लांबवला. मॅगझिनमध्ये तेवढी लांबी आहे, तेही पाहिलं.

एक

पोळी-भाजी. मधेच फोन: कुणा तरुणाला पहिली रायफल घ्यायची आहे, कोयोटीसाठी कोणतं काडतूस? मी विचारलं, किती लांबून, किती वाऱ्यात, कातडं विकायचं आहे का? विकायचं आहे म्हणाला. मग .२२३, पीळ नऊ किंवा आठ, आणि पन्नास-पंचावन्न ग्रेनची गोळी. ती आत जाते, फुटते आणि बहुधा बाहेर येत नाही; कातड्याला एकच बारीक भोक. आठच्या पिळात पन्नास ग्रेनची चालेल का, असं त्याने विचारलं. .२२३ च्या वेगाला चालेल. .२२-२५० मध्ये तेवढ्या खात्रीने सांगणार नाही, का ते आज दुपारी मला स्वतःलाच बघायचं आहे.

दोन

नळीचं पुढचं टोक कापलं, तोंडाला अकरा अंशांचा कोन दिला. गोळी नळी सोडते तो शेवटचा क्षण या कडेवर असतो. इथे जराशी खोट असली तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. कापसाचा बोळा कडेवर फिरवला. धागा अडकला नाही.

नळीवर काडतुसाचं नाव ठोकलं. ते ठोकावंच लागतं. शेजारी ‘१-८’ ठोकलं. ते मी माझ्या समाधानासाठी ठोकतो, म्हणजे वीस वर्षांनी ज्याच्या हाती ही रायफल जाईल त्याला गज शोधावा लागू नये.

तीन

मैदानावर उणे अकरा, वारा डावीकडून. शंभर यार्डांवर कागद. आधी ७५ ग्रेनच्या पाच. दुर्बिणीतून भोकं दिसत होती, तरी चालत जाऊन जवळून पाहिली. पाचही वाटोळी, कडा स्वच्छ, चार एकमेकांना शिवणारी. रॅंचवाले काही बोलले नाहीत. त्यांनी कागद काढून घडी करून खिशात घातला.

मग त्यांच्या जुन्या खोक्यातल्या पन्नास ग्रेनच्या, अगदी पातळ सालीच्या गोळ्या. मी आधीच सांगितलं होतं. गोळीचा वेग फुटांत घ्या, सातशे वीसने गुणा, पिळाने भागा, मिनिटाच्या फेऱ्या निघतात. चौदाच्या पिळातून ३६०० फुटांच्या वेगाने निघालेली गोळी मिनिटाला एक लाख पंच्याऐंशी हजार फेऱ्या घेते. आठच्या पिळातून तीन लाख चोवीस हजार. पन्नास ग्रेनची तर आणखी वेगात जाते. तांब्याची साल पातळ असेल तर तीन लाखांपुढे ती टिकेलच असं नाही. पहिल्या तिन्ही लागल्या. चौथ्या बाराला कागदावर काहीच नाही; नळी आणि कागद यांच्या मध्ये हवेत राखाडी धुराचा एक झपकारा तेवढा दिसला. गोळी वाटेतच फुटून भुकटी झाली होती.

“ही चार खोकी मग काय करू?”

“.२२३ वाल्याला द्या. त्या वेगाला चांगल्या आहेत.”

जास्त पीळ म्हणजे सरसकट चांगला, असा सूर हल्ली सगळीकडे आहे. माझा अनुभव तसा नाही. पीळ सर्वांत लांब गोळीला पुरेसा हवा, पण आपण रोज कोणती गोळी झाडणार ते आधी ठरलं पाहिजे. गोळी आधी, मग पीळ, आणि काडतुसाचं नाव सगळ्यांत शेवटी. लोक बरोबर उलट्या क्रमाने येतात. रॅंचवाल्यांना ५५ ग्रेनच्या जाड सालीच्या गोळ्याही दिल्या होत्या; त्या आठच्या पिळातून नीट लागल्या. म्हणजे घराजवळच्या कामाला ती, उघड्यावर ७५ ची.

पावणेपाच

सूर्य गेला. परत येऊन नळी साफ केली, दुर्बिणीचे स्क्रू पुन्हा ताणले. मुक्कामी राहिलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद सरकारी वहीत करावी लागते; आल्याची काल झाली होती, आज गेल्याची केली. काडतुसाच्या रकान्यात तेच नाव राहिलं. पिळाला त्या वहीत रकाना नाही, म्हणून एका कार्डावर लिहून ते रायफलीच्या पेटीत चिकटवलं: पीळ आठ, घसा वाढवलेला, पन्नास ग्रेन पातळ सालीची घालू नये.

साडेपाच

निघताना रॅंचवाले म्हणाले, “आता चारशे यार्डांवर मारायला हरकत नाही ना?”

हरकत होती. चांगली नळी लाभली की माणूस अंतर वाढवतो आणि मिळालेला सगळा फायदा तिथेच घालवतो. वाऱ्याचा अंदाज पाच मैलांनी चुकणं आमच्याकडे रोजचं. तीनशेवर तेवढी चूक या गोळीने दोन-अडीच इंचांत भागते, जनावर जागेवर पडतं. चारशेवर तेवढीच चूक जवळपास दुप्पट होते. मी म्हणालो, तीनशे. आणि सेजची झुडपं जमिनीसरशी वाकत असतील तर दोनशे.

त्यांनी साडेतीनशेवर घासाघीस केली. मी बधलो नाही. मालक आतून म्हणाले, “कार्डावर लिहून टाक.” पेटी उघडली, ‘वारा असताना दोनशे, एरवी तीनशे’ अशी ओळ वाढवली. रॅंचवाल्यांनी ती मोठ्याने वाचली, पैसे दिले आणि मार्चमध्ये धाकट्या मुलाची .२४३ आणतो म्हणाले. तिला दहाचा पीळ आहे आणि मुलाला एकशे पाच ग्रेनची गोळी हवी आहे. गोळीची लांबी मोजून फोनवर सांगा, तोवर नळी मागवू नका, असं मी त्यांना सांगितलं.